दहा मिनिटं, कपड्यांवरून

मंगळवारी मी येते, खुर्ची पाठीला लावून.
घडी घातली की ती सेलोच्या पेटीएवढी होते,
ट्राममध्ये हटकून कुणीतरी विचारतं,
आज कुठे आहे कार्यक्रम?

तांपेरेत नोव्हेंबर म्हणजे दुपारी तीनलाच दिवेलागण.
प्रपाताकाठची जुनी सूतगिरणी,
तिसऱ्या मजल्यावर आता विमा कंपनी.
माझी आत्या इथंच कताईखात्यात होती.
तिला बोलवायला भोंगा होता.
यांना बोलवायला वेलचीचे पाव भाजतात,
आणि भट्टीचं दार किलकिलं ठेवतात,
वास जिन्यापर्यंत उतरावा म्हणून.

सिर्कूबाईंनी भिंतीवर तक्ता लावलाय.
सोमवारी लापशी फुकट.
बुधवारी कुत्रं आणलं तरी चालेल.
गुरुवारी एक कोवळा पोरगा येतो
आणि पन्नाशीच्या माणसांना झोपायला शिकवतो. खरंच.
शुक्रवारी तळघरातला सौना.
मंगळवारच्या चौकटीत माझं नाव नाही,
नुसतं लिहिलंय: खांदे.

घरून काम केलेले खांदे मला हाताला कळतात.
स्वयंपाकघरातल्या टेबलाची उंची त्यांच्यात मुरलेली असते.
एकीचा डावा, बाळ जोजवत टाईप केलेला.
एकाची मान खिडकीकडे वळून राहिलेली,
चार हिवाळे शेजाऱ्याला बर्फ उपसताना बघून बघून.
तोंड खोबणीत, नजर जमिनीवर,
त्यामुळे जे काही बोलतात ते माझ्या बुटांशी.
पाव बरा असतो, म्हणतात.
घरी निवांत होतं, म्हणतात.
एक म्हणाली, इथे निदान वैतागायला माणसं आहेत.

उर्पो सप्टेंबरपासून येतो.
पहिल्यांदा कोटसुद्धा काढला नाही,
लोकरीवरूनच दाबले खांदे.
तिसऱ्या मंगळवारी बुटांना म्हणाला,
मी कांगासालाहून येतो, दोन बस बदलून.
मला साखर आहे, पाव चालत नाही.
कुत्र्यानं शिंका येतात.
सौना घरचाच आहे.

मग कशाला येता, असं आमच्याकडे विचारत नाहीत.
मी मणक्याच्या कडेनं खाली उतरत राहिले.
बऱ्याच वेळानं तो म्हणाला,
आल्लीला जाऊन दोन वर्षं झाली.
तेव्हापासून, म्हणजे दाताचा डॉक्टर सोडला तर

आणि पुढे काही नाही.

माझा अंगठा तिथंच थांबला.
घड्याळात सहा मिनिटं झाली होती.
त्याला मी बारा दिली.
रांगेतली बाई खाकरली.

तिमाहीच्या शेवटी सिर्कूबाई विचारतात,
किती बसले, किती परत आले.
मी आकडा सांगते, त्या लिहितात: उपस्थितीत वाढ.
चांगली बाई आहे. स्वतःचे खांदे नुसते दगड,
पण खुर्चीत कधी बसली नाही.
जेवणघराचं दार कार्डानं उघडतं,
ते मला नाही, मी पावतीवरची.
जिन्यात बसून मी माझा काळा पाव खाते
आणि उजवा अंगठा डाव्या मुठीत धरून ठेवते.
सांधा सुजलाय. डॉक्टर म्हणतात, विश्रांती द्या.
अंगठ्याला दिली तर
बाकीच्या मी काय खायचं?

मार्चमध्ये तक्ता बदलला.
शेवटच्या मंगळवारी उर्पो उठला, चष्मा पुसला,
आणि काही न बोलता खुर्चीची घडी घालू लागला.
चुकीची घातली. मी दाखवली. पुन्हा घातली.
मग पट्टा खांद्यावर टाकून जिना उतरला,
कामाच्या वेळात,
चिखल झालेल्या बर्फातून थेट ट्रामच्या थांब्यापर्यंत.
मी मागून म्हणाले, खांदा बदला, काचतो पट्टा.
त्यानं बदलला.

थांब्यावर आम्ही दोघं समोर बघत उभे.
पुढच्या मंगळवारी काय आहे? त्यानं विचारलं.
फळं, मी म्हणाले.
त्यानं त्यावर बराच विचार केला.
ट्राम वळणावर दिसायला लागली तेव्हा म्हणाला,
कुठली?